गटासाठी गवत कापायचं यंत्र घेताना

पावसाळा सरत आला, बागेत आणि बांधावर गवत कमरेला लागलं, की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. आपल्या गटाने छोटा ट्रॅक्टर घ्यायचा का? आपलं गवत निघेल, दुसऱ्यांचं कापून दिलं तर चार पैसेही येतील. विचार चांगला आहे. बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्हां समन्वयकांना मग पहिला प्रश्न येतो तो असा : "ताई, कुठल्या कंपनीचा घेऊ?"

आमचं म्हणणं असं, की कंपनीचं नाव शेवटी ठरवायचं. त्याआधी चार गोष्टी ठरवायच्या. गवत कशासाठी कापायचंय, जमीन कशी आहे, वर्षात काम किती दिवस मिळेल आणि यंत्र बंद पडलं तर दुरुस्ती कुठे होईल. ही चार उत्तरं हातात असली की यंत्र जवळपास आपोआप ठरतं. त्यात बऱ्याच गटांना ट्रॅक्टर लागतच नाही, हेही कळतं.

गवत कशासाठी कापायचं?

बागेतलं गवत कापून तिथेच कुजवायचं असेल तर ट्रॅक्टरच्या मागे स्लॅशर लावतात. त्याची पाती आडवी फिरतात आणि गवताचा चुरा करून टाकतात. तो चुरा झाडाखाली आच्छादन म्हणून छान पडतो, ओल टिकते. पण हेच गवत जनावरांना घालायचं असेल तर स्लॅशर उपयोगाचा नाही. चुऱ्यात माती येते, तो गोळा करता येत नाही, पेंढी बांधता येत नाही. वैरणीसाठी कात्रीसारखी पाती असलेलं कापणी यंत्र लागतं. ते गवत बुंध्याशी कापून सरळ आडवं टाकतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी गटात विचारा : आपल्याला बाग साफ करायची आहे की गोठा भरायचा आहे? दोन्ही कामं एकाच जोडणीतून नीट होत नाहीत.

जमीन आणि ओळी

कोकणात आंबा-काजूच्या बागा उतारावर असतात. मध्ये कातळ, दगड, गडगे. बेणणीसाठी तिथे ट्रॅक्टर नेणं धोक्याचं, कारण छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो आणि आडव्या उतारावर तो कलंडतो. अशा जागी खांद्याला अडकवून चालवायचा ग्रास कटरच बरा.

नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्ष-डाळिंबाच्या बागा सपाट आणि ओळीत असतात. द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण 9 ते 10 फूट अंतर ठेवतात, डाळिंबाच्या त्याहून जास्त. तिथे छोटा ट्रॅक्टर चालतो. बाजारात 11 पासून 18 एचपीपर्यंतचे छोटे ट्रॅक्टर मिळतात. स्वराजचा कोड 11 एचपीचा आहे आणि तो पेट्रोलवर चालतो, महिंद्राचा युवराज 15 एचपीचा, व्हीएसटीचा साडेअठरा एचपीचा. नुसतं गवत कापायला जास्त एचपी लागत नाही. त्याच ट्रॅक्टरने फवारणी, रोटाव्हेटर, शेणखताची ट्रॉली ही कामंही करायची असतील तर जास्त ताकदीचा विचार करा.

ओळीचं अंतर कागदावर 9 फूट असतं, पण फांद्या वाढल्यावर मोकळी जागा तेवढी राहत नाही. म्हणून हंगामात टेप घेऊन मोजा. यंत्राची रुंदी आणि दोन्ही बाजूंना निदान दीड-दीड फूट जागा हवी. वर मांडवाच्या तारा असतील तर उंचीही मोजा.

आधी तास मोजा, मग हप्ता

आता मुख्य हिशेब. वही-पेन घ्या.

समजा स्लॅशर एक मीटर रुंद आहे आणि ट्रॅक्टर तासाला 3 किलोमीटर चालतो. म्हणजे तासाला 3,000 चौरस मीटर, साधारण 30 गुंठे. पण वळणं, थांबणं, अडकलेलं गवत काढणं यात पाव वेळ जातो. हातात राहतात 22 गुंठे. म्हणजे एका एकराला पावणेदोन-दोन तास धरा.

पुढे समजा तासाचं भाडं 600 रुपये ठरलं. त्यातून डिझेलचे 180, चालवणारीचे 120, दुरुस्तीसाठी बाजूला 100. गटाच्या हातात तासाला 200 रुपये राहिले. बँकेचा हप्ता महिन्याला 6,500 असेल तर वर्षाचे होतात 78,000. ते भरायला 390 तास काम हवं. दिवसाला 5 तास धरले तर 78 दिवस. यात विमा धरलेलाच नाही.

आता एकमेकींना विचारा : आपल्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून वर्षाला 78 दिवस काम खरंच आहे का? गवताचा हंगाम काही महिन्यांचा, हप्ता मात्र बाराही महिने येतो. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, तेव्हा बँक थांबत नाही. काम असेल तर ट्रॅक्टर जरूर घ्या. कामाचा पत्ता नसेल तर गटाची वर्षानुवर्षांची बचत त्या हप्त्यात जाते आणि अडीअडचणीला अंतर्गत कर्ज द्यायला पेटीत पैसा उरत नाही. एखादीच्या मुलीची फी, एखादीचं औषधपाणी, सगळं त्यापायी अडतं.

हाच हिशेब ग्रास कटरचा करून बघा. समजा यंत्र 20,000 रुपयांना पडलं. दिवसाचे 1,000 रुपये घेतले आणि पेट्रोल, मजुरी, देखभाल जाऊन 200 उरले, तर 100 दिवसांत यंत्राचे पैसे निघाले. दोन हंगामांत होऊन जातं. काम कमी मिळालं तरी नुकसान झेपतं. म्हणून आम्ही गटांना सांगतो : आधी एक-दोन ग्रास कटर घ्या किंवा ट्रॅक्टर भाड्याने आणून एक हंगाम काम करा. किती जणांनी बोलावलं, किती तास भरले, कोणी पैसे थकवले, सगळं लिहा. ती वही पुढच्या वर्षी ट्रॅक्टर घ्यायचा की नाही ते सांगेल.

ग्रास कटर घेताना

यात टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक असे दोन प्रकार आहेत. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. कंपनीच्या पुस्तिकेत प्रमाण दिलेलं असतं. कुणाचं लिटरला 20 मिली, कुणाचं 40 मिली. अंदाजाने ओतलं किंवा विसरलं तर इंजिन जाम होतं. फोर स्ट्रोकमध्ये पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं. तो थोडा महाग पडतो. पण गटात यंत्र चार हातांत फिरतं, तेव्हा मिसळण्यात होणारी गडबड टळते.

वजनही बघा. खांद्यावरचं यंत्र साधारण 7-8 किलोचं असतं. दुकानात पट्टा अडकवून दहा मिनिटं उभं राहा. जी चालवणार आहे तिनेच उचलून बघायचं, घरच्या पुरुषाने नव्हे. जाड गवताला तीन दातांचं पातं, दगडाजवळ नायलॉनची दोरी. मात्र लहान कलमांच्या खोडाला ती दोरी लागू देऊ नका, साल सोलली जाते आणि कलम मरतं.

भरवशाचं यंत्र कसं ओळखायचं?

भरवसा कंपनीच्या जाहिरातीत शोधू नका, तालुक्याच्या बाजारात शोधा. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन विचारा : या यंत्राचा एअर फिल्टर, बेल्ट, पातं आहे का? आहे म्हणाले तर हातात दाखवा म्हणा. "मागवून देतो" म्हणाले तर समजा, भर हंगामात यंत्र आठवडाभर उभं राहणार. स्वस्तातलं यंत्र असं उभं राहिलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

ट्रॅक्टर घेताना चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. इंजिनाची ताकद आणि मागचं अवजार फिरवायला मिळणारी ताकद यात फरक असतो, तो अहवालात कळतो. इंधन किती लागतं तेही कळतं. आणि आपल्याच बागेत चालवून दाखवा असा आग्रह धरा.

जुना ट्रॅक्टर घेत असाल तर सकाळी न सांगता जा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे फिल्टर चोंदलेला किंवा डिझेल नीट जळत नाही. ऑइलची कांडी काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. आरसी बुक बघा. त्यावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचं पत्र मिळेपर्यंत इसार देऊ नका.

अनुदान

शेती अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करतात. इथे एक नियम पक्का ध्यानात ठेवा : पूर्वसंमती पत्र हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही. आधी घेतलं आणि मग अर्ज केला तर अनुदान मिळत नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची वेगळी योजना आहे. त्यात 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं मिळून साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 3 लाख 15 हजार अनुदान मिळतं. गटातले 80 टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्या प्रवर्गातले असावे लागतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करा. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घ्यायचं असं करू नका. डिझेल, विमा आणि टायर यांना अनुदान नसतं.

जीव सांभाळून

ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला 540 फेरे घेतो. पदर, ओढणी किंवा वेणी त्यात सापडली तर सोडवायला वेळच मिळत नाही. दांड्यावरचं झाकण काढून ठेवू नका. काम करताना पॅन्ट-शर्ट किंवा पदर पक्का खोचून वरून शर्ट, केस बांधलेले, पायात बूट, डोळ्यांना चष्मा. अडकलेलं गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढायचं नाही. ग्रास कटर चालू असताना 50 फुटांच्या आत कोणी नको, मुलं तर नकोच. पात्याने उडालेला खडा डोळा घेऊन जातो.

ट्रॅक्टरला आरटीओची नोंदणी आणि विमा लागतो, चालवणारीला परवाना लागतो. कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा. निदान दोघी-तिघी शिका, म्हणजे एक आजारी पडली तर काम थांबत नाही.

चावी कोणाकडे?

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, पण तेवढीच महत्त्वाची आहे. विळ्याने गवत कापायचं काम बाईचं असतं. तेच काम यंत्रावर आलं की ते पुरुषाचं होतं. कर्ज गटाच्या नावावर, चावी मात्र कुणाच्या तरी मुलाच्या खिशात. म्हणून खरेदीच्या ठरावातच लिहा : चावी कोणाकडे राहील, तासांची नोंद कोण ठेवेल, सदस्यांना भाडं किती, उधारी चालेल की नाही.

आणि आणखी एक. गावात काही बायांचं चार महिन्यांचं पोट याच गवतकापणीच्या मजुरीवर असतं. यंत्र आलं की पहिला रोजगार त्यांचा जातो. त्यातल्या कुणी आपल्या गटात असतील तर यंत्र शिकायची पहिली संधी त्यांना द्या. गटात नसतील तर त्यांना बोलवा. त्यांना गवत कळतं, जमीन कळते, कुठे दगड आहे ते कळतं. यंत्र चालवायला त्यांच्याइतकं योग्य कोणी नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बाग मोजून या, शेजारच्या गटांना किती दिवस काम देता ते विचारून या आणि हिशेब फळ्यावर मांडा. आकडे जुळले तर ठराव करा. नाही जुळले तर या हंगामात भाड्याने आणा आणि वही लिहायला सुरुवात करा.