मातीखालची वायर आणि कारागिराचे नाव

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यातला धबधबा यांमुळे हे ठिकाण सर्वांच्या परिचयाचे आहे. पाऊस सरला की मात्र याच मुलखात पाणी मोजून वापरावे लागते. त्यामुळे बंगल्यापुढे किंवा मंगल कार्यालयापुढे हिरवळ राखणारा ग्राहक आता वेळेवर आपोआप सुरू आणि बंद होणारे फवारे मागतो. आमच्या इलेक्ट्रिशियन व मोटार दुरुस्ती करणाऱ्या बंधूंना हे काम सहज जमण्यासारखे आहे. पाइप आणि फवारे सगळेच नीट निवडतात. चूक होते ती वायरमध्ये.

या यंत्रणेतील व्हॉल्व्ह बहुधा २४ व्होल्टवर चालतात. दाब इतका कमी, तेव्हा कोणतीही बारीक वायर चालेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात व्होल्ट मुळातच कमी असल्याने वाटेत थोडे जरी घटले तरी व्हॉल्व्ह अडतो.

हिशेब सोपा आहे. उघडताना व्हॉल्व्ह सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. तांब्याची अर्ध्या एमएमची वायर ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन एकच व्होल्ट घटतो. घरापुढच्या हिरवळीला तेवढे चालते. हीच वायर २०० मीटर नेली, तर सहा व्होल्ट वाटेतच जातात आणि व्हॉल्व्ह नुसता गुणगुणतो. तिथे दीडची वायर टाकली, तर घट दोन व्होल्टवर येते. म्हणून आधी टेप धरून अंतर मोजावे आणि मगच दुकानात जावे.

प्रत्येक व्हॉल्व्हला एक वायर आणि सर्वांना मिळून एक कॉमन, असा हिशेब असतो. पाच व्हॉल्व्हला सहा वायर लागतात. सात कोअरची केबल घेतली तर एक हाताशी शिल्लक राहते. उद्या एखादी तुटली, तर हिरवळ उकरावी लागत नाही.

स्वस्त म्हणून मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घेऊ नये. तार चाकूने खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. ती व्होल्ट जास्त खाते आणि ओल्या मातीत लवकर सडते. वर जाड आवरण असलेली, आयएसआय मार्कची केबल घ्यावी. घरातली साधी वायर उघडी पुरू नये; टाकायचीच तर पीव्हीसी पाइपमधून टाकावी.

डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत दगडाची धार आवरण कापते. चर दीड फूट खणून खाली-वर बारीक माती घालावी. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडून केबल ताणली जाते, म्हणून वळणावर सैल वेढा ठेवावा. पंपाची २३० किंवा ४१५ व्होल्टची केबल या पाइपात कधीही घालू नये. तिथे जिवाशी गाठ आहे.

सर्वांत जास्त बिघाड जोडात होतो. नुसती टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. जोड व्हॉल्व्हच्या पेटीतच ठेवावा आणि त्याला ग्रीस भरलेली टोपी बसवावी. चर बुजविण्यापूर्वी प्रत्येक वायर मीटरने तपासून कागदावर नकाशा काढून ग्राहकाच्या हाती द्यावा.

व्हॉल्व्ह उघडेना झाला की ग्राहक तो हाताने उघडतो आणि बंद करायला विसरतो. मग रात्रभर बोअरचे पाणी वाहून जाते. पाणी वाचविण्यासाठी बसविलेली यंत्रणाच पाणी घालविते आणि बोल लागतो तो कारागिराला. मातीखाली काय टाकले हे ग्राहकाला दिसत नाही. तो आपल्या शब्दावर पैसे मोजतो. चार पैसे जास्तीचे का लागतात हे त्याला आधीच समजावून सांगणाऱ्या कारागिराकडेच पुढचे काम येते, असा आमचा अनुभव आहे.