महालतांचे कूळ

जमिनीत मूळ धरून, आधाराच्या झाडावर भार टाकत जंगलाच्या छतापर्यंत चढणाऱ्या काष्ठमय वेलींना महालता म्हणतात. भारतीय उपखंडापासून मलाया, इंडोनेशिया व फिलिपीन्सपर्यंतच्या उष्ण प्रदेशातील अरण्यांत त्या विपुल आहेत. मात्र महालता हे वनस्पतींचे कूळ नाही, ती वाढीची एक तऱ्हा आहे. सह्याद्रीतील गारंबी शेंगा धरणाऱ्या शिंबावंत कुलातील आहे, तर उक्षी ऐन-हरड्यांच्या कुलातील. मालकांगोणीचे कूळ तिसरेच. वेत ताड कुलात मोडतो आणि उंबळी सपुष्प वनस्पतींतही बसत नाही. चढण्याची सवय वनस्पतींच्या इतिहासात अनेक कुलांत स्वतंत्रपणे उगवली. म्हणून महालतांची मांडणी दोन अंगांनी करावी लागते: एक चढण्याच्या रीतीवरून, दुसरी नात्यावरून.

पहिल्या मांडणीचा पाया चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरोही वनस्पतींवरील प्रबंधात आहे. खोडाने वेढे घेणाऱ्या, पानांनी पकड घेणाऱ्या, तणावे असलेल्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या असे प्रकार त्याने वेगळे केले. रानात वेल ओळखताना ही विभागणी आजही पहिली पायरी ठरते. नाते सांगायला मात्र ती अपुरी पडते, कारण सारखे दिसणारे साधन वेगवेगळ्या अवयवांपासून बनलेले असते. द्राक्ष कुलातील तणावा पानाच्या समोरच्या बाजूला निघतो आणि तो फुलोऱ्याच्या अक्षाचे रूपांतर असतो. घोटवेलीचे तणावे पानाच्या देठाशी जोडीने येतात. गंबीर या दक्षिणपूर्व आशियाई वेलीचे वाकडे आकडे म्हणजे फुलोऱ्याचे बदललेले दांडे. वेताच्या काही जातींत काटेरी चाबूक पानाच्या टोकाला असतो, काहींत तो पानाच्या आवरकातून निघणारा वांझ फुलोरा असतो. वेत ओळखताना हा फरक आधी पाहिला जातो.

खोडाची रचना हा ओळखीचा दुसरा आधार. महालतेला स्वतःचे वजन पेलायचे नसते, म्हणून तिच्या खोडात ताठपणापेक्षा लवचिकपणा आणि पाण्याची वाहतूक महत्त्वाची. प्रकाष्ठातील वाहिन्या रुंद असतात. खोड जाड करणाऱ्या ऊतककराचे कामही पुष्कळदा नेहमीपेक्षा वेगळे चालते. माहुलीसारख्या वेलींची खोडे चपटी होतात, काही जातींत ती नागमोडी वळत जातात. उंबळीच्या खोडात एकामागून एक नवे ऊतककर तयार होऊन प्रकाष्ठ व परिकाष्ठाची वलये पडतात. गुळवेलीचा आडवा छेद रुंद किरणांमुळे चाकासारखा दिसतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख शेंक याने १८९२-९३ मध्ये महालतांच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा अभ्यास स्वतंत्र शाखेसारखा वाढला.

नात्यावरून होणारे वर्गीकरण फूल, फळ आणि बीज यांवर उभे राहिले. आशियाई वेलींची पहिली मोठी सचित्र नोंद ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथात आहे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने तो सिद्ध केला आणि १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यासह रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचा वाटा होता. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापले आहे. ग्रंथातील स्थानिक नावे पुढे शास्त्रीय नावांत शिरली. उंबळीच्या ‘नीटम उला’ या नावातील ‘उला’ त्यातलेच, आणि गारंबीचे ‘एंटाडा ऱ्हीडी’ हे नाव ऱ्हीडच्या सन्मानार्थ आहे.

लिनीअसने १७५३ मध्ये द्विनाम पद्धत रूढ केली. त्याचे चोवीस वर्ग मुख्यतः पुंकेसरांवर आधारलेले होते. ओळख पटवायला ती सोय होती, पण जवळची नाती त्यात तुटत. एकोणिसाव्या शतकात रॉक्सबर्ग, वाइट आणि ब्लूम यांनी भारत व जावा येथील वेलींची वर्णने केली. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड १८७२ ते १८९७ दरम्यान निघाले. मुंबई इलाख्यासाठी थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात स्वतंत्र फ्लोरा लिहिला. हे ग्रंथ बेंथम-हूकर पद्धतीने, अनेक लक्षणे एकत्र पाहून कुले मांडतात.

महालतांचे वर्गीकरण चुकण्याचे मोठे कारण नमुन्यात असते. हर्बेरियममधल्या कागदावर हातभर फांदी बसते. वेलीचे खोड जमिनीवर आणि फुले तीस-चाळीस मीटर उंचीवर असली, तर दोन्ही एका हाती क्वचितच येतात. सावलीतल्या कोवळ्या वेलीची पाने आणि उन्हात पोहोचलेल्या फांदीची पाने कित्येकदा इतकी वेगळी असतात की दोन जाती वाटाव्यात. गुळवेलीच्या कुलात नर व मादी फुले वेगळ्या वेलींवर येतात. त्यामुळे एका जातीचे नर आणि मादी नमुने वेगळ्या नावांनी नोंदले जाण्याचा धोका असतो. या कुलात फळातील कोयीचा आकार निर्णायक ठरतो, आणि नर नमुन्यात फळ मिळणे शक्यच नसते. चांगला संग्राहक म्हणून खोडाचा छेद, चिकाचा रंग, वेढ्याची दिशा आणि आधाराचे झाड यांची नोंद चिठ्ठीवर करतो.

या अडचणींचा परिणाम गारंबीच्या नावात दिसतो. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका येथील प्रचंड शेंगांच्या वेली दीर्घकाळ ‘एंटाडा स्कँडेन्स’ या एकाच नावाखाली होत्या. त्यांच्या टणक बिया समुद्रातून दूरवर वाहत जातात, त्यामुळे सर्वत्र एकच जाती असावी हा समज टिकला. पर्णिकांच्या जोड्या, फुलांचे देठ आणि शेंगेचे आतले कवच यांच्या तुलनेनंतर अनेक जाती वेगळ्या झाल्या. सह्याद्रीतील गारंबी आता एंटाडा ऱ्हीडी मानली जाते. शिंबावंत कुलाची २०१७ मध्ये सहा उपकुलांत फेरमांडणी झाली, तेव्हा बाभळीसह गारंबीही जुन्या मायमोसॉइडी उपकुलातून सिझाल्पिनिऑइडी उपकुलात गेली.

त्याच कुलातील माहूल, म्हणजे चांबुळी, हिच्या दुभंगलेल्या मोठ्या पानांच्या पत्रावळी लावतात. पानांच्या या घडणीमुळे ती आपटा आणि कांचन यांच्यासोबत बॉहिनिया प्रजातीत होती. लोरेरो या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९० मध्ये इंडोचीनमधील वेलींवरून फॅनेरा ही प्रजाती मांडली होती, पण नंतरच्या ग्रंथांनी ती बॉहिनियात मिसळली. डीएनएच्या तुलनेने तिला पुन्हा स्वतंत्र स्थान मिळाले आणि माहूल ‘फॅनेरा वाहली’ झाली. सिझाल्पिनिया प्रजातीची फोड याहून मोठी. २०१६ मध्ये हा गट सव्वीस प्रजातींत विभागला गेला. शंकासूर सिझाल्पिनियातच राहिला, सागरगोटा गिलँडिनात गेला आणि चिल्हार बिअँकियात. पश्चिम घाटातील वाकेरीसाठी डॅल्झेलने १८५१ मध्ये ‘वागाटी’ या मराठी नावावरून वागाटिया ही प्रजाती केली होती. मात्र अ‍ॅडन्सनचे मौलावा हे नाव १७६३ चे असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार तेच स्वीकारले जाते.

काही वेलींचे तर कुलच बदलले. आँसिस्ट्रोक्लॅडस या आकड्यांच्या वेलीची एक जाती पश्चिम घाटात वाढते. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ने तिला साल-गर्जनांच्या कुलात घातले, कारण फळावरचे संदलांचे पंख दोन्हींत आहेत. रेणवीय पुराव्यांनुसार ती कीटकभक्षी घटपर्णीच्या जवळची ठरते आणि तिचे कूळ स्वतंत्र आहे. उंबळीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. समोरासमोर येणारी जाळीदार शिरांची पाने आणि लाकडातील वाहिन्या यांमुळे ती द्विदल वेलीसारखी दिसते, पण तिचे बीज उघडे असते, म्हणजे ती प्रकटबीज आहे. या साम्यामुळे नीटम प्रजाती सपुष्प वनस्पतींची निकटवर्ती मानली जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या अभ्यासातून तिचे नाते पाइनसारख्या शंकुमंतांशी जुळले. वेताच्या बाबतीत फोडीऐवजी जोड झाली. डीमोनोरॉप्ससह चार प्रजाती २०१५ मध्ये कॅलॅमसमध्ये विलीन करण्यात आल्या.

नावांचा हा काटेकोरपणा व्यवहारातही लागतो. महाराष्ट्रात बागेतल्या रंगून वेलीला मधुमालती म्हणतात आणि रानातल्या हिप्टेजलाही तेच नाव चालते, पण दोघींची कुले वेगळी आहेत. गुळवेलीच्या नावाखाली टिनोस्पोरा क्रिस्पा ही खोडावर गाठीगाठी असलेली दुसरी जाती घेतली जाण्याचा धोका औषधाच्या दृष्टीने गंभीर आहे. खोड, पान आणि फळ एकत्र तपासले तर हा घोळ टळतो.

आज सपुष्प वनस्पतींच्या कुलांची मांडणी एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या आंतरराष्ट्रीय गटाच्या १९९८ पासूनच्या आवृत्त्यांनुसार होते. चौथी आवृत्ती २०१६ ची आहे. प्रजाती व जातींचे काम प्रादेशिक फ्लोरांतून चालते. मलेसिया या वनस्पतिशास्त्रीय प्रदेशासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्ध होत असलेला ‘फ्लोरा मलेसियाना’ अजून पूर्ण झालेला नाही. फुलांवाचून वेल ओळखता यावी म्हणून खोड, साल, चीक व चढण्याचे साधन यांवर आधारलेल्या ओळखकिल्ल्या तयार होतात. संशयित नमुना डीएनएच्या ठरावीक तुकड्याशी ताडून पाहिला जातो. वनपाहणीत कित्येकदा वेलीपुढे कुलाचे नाव आणि चढण्याची रीत अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या जातात.