कर्करोगानंतर हाताला येणारी सूज : कोणाला आणि केव्हा?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार संपले, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, त्याच बाजूचा हात जड वाटू लागतो, बांगड्या घट्ट होतात, ब्लाऊजची बाही रुतते. या सुजेला 'लिम्फिडिमा' म्हणतात. ती वेळीच ओळखली तर आटोक्यात राहते. दुर्लक्ष झाले तर जन्माची सोबतीण होते.

सूज का येते?

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. पेशींभोवती साचलेले जादा पाणी व प्रथिने गोळा करून रक्तात परत नेणे हे त्यांचे काम. हाताकडून येणाऱ्या या वाहिन्यांच्या मुख्य ग्रंथी काखेत असतात. कर्करोग तेथवर पसरतो, म्हणून त्या काढाव्या लागतात किंवा त्यांवर किरणोपचार द्यावे लागतात. मग परतीची वाट अरुंद होते व पाणी हातातच साचते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटातील ग्रंथी काढल्यास अशीच सूज पायाला येऊ शकते. हा डासांमुळे होणारा हत्तीरोग नव्हे आणि तो कोणाला लागतही नाही.

धोका कोणाला?

जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून 2013 साली काढलेल्या निष्कर्षानुसार, काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या दर 100 स्त्रियांपैकी सुमारे 20 जणींना सूज आली. फक्त सुरुवातीच्या मोजक्या ग्रंथी काढून तपासलेल्यांत हे प्रमाण 6 च्या आसपास होते. काखेवरील किरणोपचार, जादा वजन आणि हाताला होणारा जंतुसंसर्ग यांमुळे धोका वाढतो.

केव्हा?

अमेरिकेतील बोस्टन येथील 2019 च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर 12 ते 30 महिने हा सर्वाधिक धोक्याचा काळ आढळला. काखेतील ग्रंथी काढून किरणोपचारही झालेल्यांत 18 ते 24 महिने, तर केवळ ग्रंथी काढलेल्यांत 6 ते 12 महिने. तीन वर्षांनंतर धोका कमी होतो, पण संपत नाही.

खरी अडचण येथेच आहे. याच काळात रुग्ण दवाखान्यात जाणे सोडतो. गावाहून यायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. पूर्वी मराठवाड्यातील कितीतरी रुग्णांना परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. 2012 साली आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. क्रांती चौक परिसरातील कुटुंबांना तर ते शहरातल्या शहरात आहे. तेव्हा 'गाठ गेली, आता कशाला जायचे?' असे म्हणून तपासणी टाळू नये.

काय करावे?

1. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून वहीत लिहावा : मनगट, कोपराच्या 10 सें.मी. खाली व 10 सें.मी. वर. पुढे किमान तीन वर्षे दर तीन महिन्यांनी मोजावा. 2 सें.मी. फरक पडल्यास, किंवा त्याआधीही हात जड वाटल्यास, डॉक्टरांना दाखवावे.

2. विळी, काटे, कापसाची बोंडे यांपासून हात जपावा. जखम लगेच साबणाने धुवावी. हात लाल, गरम झाला व ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

3. सूज अचानक आली तर रक्ताची गुठळी किंवा रोग उलटणे ही कारणे असू शकतात. तपासणी करून घ्यावी.

4. हात बांधून ठेवू नये. पूर्वी वजन उचलण्यास सक्त मनाई होती. परंतु मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढविलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, असे 2009 च्या अभ्यासात दिसून आले.

5. सूज आल्यास हलके मर्दन, पट्ट्या बांधणे, व्यायाम व दाब देणारी बाही हे उपचार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. तेलाने जोरात रगडणे किंवा गरम शेक घेणे टाळावे.

घरातील बाई आपले दुखणे सहसा शेवटी सांगते, आणि छातीच्या आजाराबद्दल तर संकोचाने बोलतच नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी अशी आई, मावशी, आत्या असेल तर टेप आणि वही घेऊन तिच्याजवळ बसा. दर तीन महिन्यांनी पाच मिनिटे लागतात. तेवढ्याने तिचा कामाचा हात वाचू शकतो.