प्रत्यक्ष अग्निप्रशिक्षण

प्रत्यक्ष अग्निप्रशिक्षण : खऱ्या ज्वाला, उष्णता व धूर यांच्या सान्निध्यात अग्निशामकांना देण्यात येणारे प्रशिक्षण. ते खास बांधलेल्या दहनगृहात, पोलादी कंटेनरात अथवा मालकाने पाडण्यापूर्वी स्वेच्छेने दिलेल्या जुन्या इमारतीत देतात. शेवटची पद्धत अमेरिकेत विशेष रूढ आहे. महाराष्ट्रात अग्निसेवेच्या शिक्षणाची मुख्य केंद्रे नागपूरचे राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालय (स्थापना रामपूर, १९५६, नागपूर येथे १९५७ पासून) व मुंबईतील कालिना येथील राज्याचे केंद्र ही होत.

आगीचे काही गुणधर्म वर्गात शिकविता येत नाहीत. बंद खोलीत तप्त धुराचा थर छताखाली साचतो. त्याचे तापमान सु. ५००°–६००° से. झाले की, त्याच्या प्रारणाने खोलीतील सर्व ज्वलनशील पृष्ठभाग जवळजवळ एकाच क्षणी पेटतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्याची पूर्वचिन्हे ओळखण्यासाठी स्वीडनमध्ये १९८० नंतरच्या दशकात कंटेनरातील सराव सुरू झाला. पाण्याचा वापरही असाच अनुभवाने कळतो. १ लि. पाण्याची सु. १,७०० लि. वाफ होते, तप्त खोलीत अविचाराने फवारा मारल्यास ती वाफ जवानालाच भाजते.

देणगीदाखल मिळालेले घर खरे असते, हाच त्याचा गुण व हाच धोका. दहनगृह पुनःपुन्हा जळण्यासाठी बांधलेले असते, घर नव्हे. बोल्डर (कोलोरॅडो) येथे १९८२ मध्ये अशा सरावात दोन अग्निशामक दगावले. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने या सरावासाठी मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार एका वेळी एकच आग लावतात. इंधन म्हणून पेंढा व लाकूड वापरतात, पेट्रोल नव्हे. पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक असतो. अडकलेल्या माणसाच्या जागी पुतळा ठेवतात. हा नियम मोडल्याने लेर्ड्‌सव्हिल (न्यूयॉर्क राज्य) येथे २००१ मध्ये एका नवशिक्या स्वयंसेवकाचा बळी गेला.

मराठवाड्यात ही पद्धत जशीच्या तशी उचलणे घातक ठरेल. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या जड छतांखाली असंख्य माणसे गाडली गेली. जाड तुळई आगीत तशी सावकाश जळते, मिनिटाला सु. अर्धा ते पाऊण मिमी.; परंतु भिंतीत रुतलेले तिचे टोक ओल व वाळवी यांनी आधीच पोखरलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा घरात आग लावून माणसे आत पाठवू नयेत. शोध व सुटकेचा सराव तेथे कृत्रिम धुरात करता येईल, तोही अभियंत्याने छत तपासल्यावर. आगीसाठी कंटेनरच बरा.

पाण्याची तरतूद हा लातूरमधील वेगळा प्रश्न आहे. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. मिनिटाला ३६० लि. देणाऱ्या दोन धारा, एक माऱ्याची व एक राखीव, २० मिनिटे चालल्यास १४,४०० लि. पाणी लागते. म्हणून असे सराव पावसाळ्यानंतर ठेवणे इष्ट. वाहून जाणारे पाणी राख व काजळीने दूषित झालेले असल्याने ते विहिरीपासून दूर, चर खणून अडवावे लागते.