इंग्रजीत धावते, ते मराठीत चालते

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये आली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती. क्रियापद म्हणून त्याचे 430 अर्थ दिले होते आणि ते समजावून सांगायला जवळजवळ साठ हजार शब्द खर्ची पडले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 2011 च्या सुमारास हा मान ‘रन’ या क्रियापदाकडे गेला. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर या एकाच शब्दावर नऊ महिने काम करत होते. त्यांनी वेगळे काढलेले अर्थ 645 भरले. शाळेत आपण या शब्दाचा एकच अर्थ शिकतो, धावणे. उरलेले शेकडो अर्थ म्हणजे इंग्रजीचा अव्यवस्थितपणा, असे इंग्रजी शिकताना मेटाकुटीला आलेल्या अनेकांना वाटते. पण हे अर्थ नीट पाहिले तर त्यांत पसाऱ्यापेक्षा वाढ दिसते, एका खोडाला फांद्या फुटत गेल्यासारखी. आणि अशी झाडे मराठीतही आहेत, फक्त ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की दिसत नाहीत.

खोडापासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद माणसाच्या आणि जनावराच्या पळण्यासाठी होते, तसेच पाणी वाहण्यासाठीही होते. न अडखळता, सलगपणे पुढे जात राहणे हे या दोन्हींत समान. एकदा ही प्रतिमा मनात धरली की पुढच्या फांद्या कळू लागतात. नदी वाहते, नाक वाहते, भिंतीवर दिलेला ओला रंग ओघळतो, रस्ता डोंगराच्या कडेने जातो, नाटकाचे प्रयोग महिनोन्‌महिने होतात, एखादा गुण घराण्यात पिढ्यानपिढ्या उतरतो. इंग्रजीत या सगळ्यांना तेच एक क्रियापद चालते. मग यंत्रे आली. चाके, पट्टे, दट्ट्ये सलग फिरू लागले आणि त्यांनाही हाच शब्द लागला. यंत्र चालवणारा माणूस पुढे दुकान, कारखाना, संस्था आणि सरकारही ‘रन’ करू लागला. संगणक आला तेव्हा आज्ञावलीसाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. ‘सेट’ मागे पडून ‘रन’ पुढे गेला याचे श्रेय सायमन विंचेस्टर यांच्यासारखे कोशाचे इतिहासकार यंत्रयुगालाच देतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

फांदी लांब गेली की खोड दिसेनासे होते, याचा उत्तम दाखला क्रिकेटमध्ये आहे. खेळपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरोखर पळावे लागे, म्हणून त्या पळण्याला ‘रन’ म्हटले आणि मग तेच मोजमापाचे एकक झाले. आज चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याच्या नावावर चार ‘रन’ लागतात. मराठीने हे एकक उचलताना मूळची प्रतिमाही उचलली आणि ‘धाव’ केली. न धावता मिळालेल्या चार धावा आपल्याला मुळीच खटकत नाहीत. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत कैद नसतो, हे इतक्या सहज आपण स्वीकारलेले असते.

आता मराठीकडे वळले की एक विलक्षण गोष्ट दिसते. इंग्रजीत जे जे धावते, त्यातले पुष्कळसे मराठीत चालते. घड्याळ चालते, यंत्र चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, परंपरा चालत येते. आपण संस्था चालवतो, घर चालवतो, संगणकावरची आज्ञावलीही चालवतो. इथून मराठीची फांदी स्वतःच्या दिशेने जाते. डोके चालते, जीभ चालते, हात चालतो. बाद झालेली नोट बाजारात चालत नाही. सैन्य चालून जाते. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, समाजात चालीरीती असतात. ‘चालू’ वर्ष आणि ‘चालू’ माणूस यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि दिवसातून वीस वेळा उच्चारला जाणारा ‘चालेल’ हा होकार तर इंग्रजीत ‘रन’ने कधीच देता येणार नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘चालणे म्हणजे पायांनी जाणे’ एवढेच पाठ केले, तर त्याची अवस्था ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच पाठ केलेल्या आपल्या मुलांसारखीच होईल.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू पाहील की इंग्रज घाईचे म्हणून त्यांची यंत्रे धावतात आणि आपण संथ म्हणून आपली चालतात. हा मोह टाळायलाच हवा. फ्रेंच भाषेतले यंत्रही आपल्या यंत्रासारखेच चालते, धावत नाही, आणि फ्रान्सच्या उद्योगांना त्यामुळे संथपणा आला नाही. इतकेच काय, एकाच इंग्रजीत निवडणुकीचा उमेदवार अमेरिकेत ‘धावतो’ आणि ब्रिटनमध्ये ‘उभा राहतो’. मराठीतही तो उभाच राहतो. आपल्याकडे निवडणुका ब्रिटिश अमदानीत आल्या, हे लक्षात घेता हा निव्वळ योगायोग नसावा. प्रतिमा निवडण्यामागे वारसा असतो, शेजार असतो, कधी केवळ अपघात असतो. लोकस्वभावाचे निदान त्यातून होत नाही. शिवाय भाषा एकाच प्रतिमेला बांधूनही राहत नाही. बातमीत ‘लोकल उशिराने धावत आहेत’ असे वाचणारा प्रवासी फलाटावर मात्र ‘गाड्या लेट चालल्यात’ असेच म्हणतो.

शब्दांच्या फांद्या अशा वेगवेगळ्या दिशांनी जातात, म्हणून समानार्थी शब्दांचा प्रश्नही इथेच सुटतो, किंवा खरे तर इथेच अडतो. दोन शब्द समानार्थी असतात म्हणजे त्यांची एखादी फांदी एकमेकींना टेकलेली असते. झाडे वेगळीच असतात. धावणे आणि पळणे हे मराठीतले हक्काचे समानार्थी शब्द. शर्यतीत मूल धावते किंवा पळते, दोन्ही ठीक. पण संकटात शेजारी धावून येतो, पळून येत नाही. चोर पळून जातो, आणि ‘चोर धावून गेला’ म्हटले की तो कुणाच्या तरी अंगावर गेला असे चित्र उभे राहते. देव भक्तासाठी धावतो. त्याला पळायला लावले तर अर्थाचा अनर्थ होईल. इंग्रजीतही तेच. ‘मॅनेज’ हा ‘रन’ला पर्यायी शब्द दुकानापुरता आहे, नदीला त्याचा काही उपयोग नाही. ‘फ्लो’ नदीला चालतो, दुकानाला नाही. पीटर रॉजे या डॉक्टरांनी 1852 मध्ये इंग्रजी पर्यायी शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांच्या गटांत बसवले. त्यामुळे एकच शब्द अनेक गटांत पुन्हा पुन्हा भेटतो, आणि हेच त्या रचनेचे मर्म आहे. आपल्याकडे अमरसिंहाने आपल्या संस्कृत अमरकोशात कितीतरी शतके आधी पर्यायी शब्दांचे वर्ग बांधले आणि अनेकार्थी शब्दांसाठी तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग वेगळा ठेवला. पर्याय आणि नानार्थ ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, याची जाण त्या मांडणीत आहे.

आता एक खरा आक्षेप. 645 हा आकडा भाषेचा की कोशकाराचा? नदी वाहणे आणि नाक वाहणे हे दोन अर्थ मोजायचे की एक? आक्षेप बरोबर आहे. दुसऱ्या कोशात याच शब्दाचे अर्थ कितीतरी कमी सापडतील, कारण कोशकार किती बारीक चाळणी घेतो त्यावर आकडा ठरतो. म्हणून आकड्याला पुजण्यात अर्थ नाही. पण चाळणी कुठलीही घेतली तरी एक गोष्ट टिकते. जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थ जास्त. अमेरिकेतील भाषाभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1945 मध्ये हा संबंध मोजून दाखवला. दुसरा आक्षेप स्पष्टतेचा आहे. प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द असता तर घोटाळा टळला नसता का? वरवर हे पटते. पण तसे केले तर रोजच्या व्यवहारासाठी पाठ करायच्या शब्दांची संख्या आवाक्याबाहेर जाईल, आणि फायदा मात्र फारसा होणार नाही, कारण घोटाळा मुळात होतच नाही. ‘घड्याळ चालत नाही’ हे ऐकून कोणी घड्याळाचे पाय शोधत नाही. अर्थ ठरवण्याचे निम्मे काम शेजारचा शब्दच करतो. लाहोरला अनेक वर्षे इंग्रजी शिकवलेले ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असे मांडले, ते याच अर्थाने.

हे मान्य केले तर मुलांच्या वहीतली ‘समानार्थी शब्द लिहा’ ही यादी अपुरी ठरते. यादी टाकून द्यावी असे नाही. परीक्षेला ती लागते आणि शब्दसंग्रहाची पहिली पायरी म्हणून ती उपयोगीही आहे. पण बरोबरीचे चिन्ह मधे ठेवून दोन शब्द लिहिले की मुलाला वाटते, एक काढून दुसरा कुठेही घालता येईल. मग इंग्रजी निबंधात मराठीच्या सवयीने दुकान ‘वॉक’ करते, आणि मराठी जाहिरातींत इंग्रजीवरून उतरवलेली वाक्ये येतात, ज्यांतला प्रत्येक शब्द मराठी असतो आणि वाक्य मात्र मराठी नसते. शब्दासमोर शब्द लिहिण्याऐवजी दोन वाक्ये लिहून घेतली, एक जिथे पर्याय चालतो आणि एक जिथे चालत नाही, तर ती जास्त शिकवून जातात. मदतीला धावला, मदतीला पळाला. दुसरे वाक्य का खटकते, ते मुलाने स्वतः सांगायचे.