बंद खाणीतलं ॲसिड: आयर्न माउंटनचा न थांबणारा लूप

शाळेत आपल्याला पीएचची पट्टी ० ते १४ अशी शिकवतात. पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत ठिबकणाऱ्या पाण्याचा पीएच चक्क उणे ३.६ मोजला गेलाय. हे आकडे २००० साली प्रसिद्ध झाले. खाण मात्र १९६३ पासून बंद आहे! मी सॉफ्टवेअरवाला, केमिस्ट्रीवाला नाही. पण बंद केलेली सिस्टीम चालूच कशी राहते, हा प्रश्न पडला आणि मी वाचत गेलो.

ॲसिड येतं कुठून?

या डोंगरात पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज. जमिनीत गाडलेलं असतं तोवर ते निमूट पडून असतं. बोगदे पाडले की तिथे हवा आणि पावसाचं पाणी पोचतं आणि पायराइटपासून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. सोबत लोह विरघळतं, त्याचं फेरिक लोह बनतं आणि ते उलट पायराइटवरच हल्ला चढवतं. ॲसिडमध्ये फेरिक बनण्याची पायरी एरवी फार संथ असते. पण तिथेच जगणारे सूक्ष्मजीव तिला प्रचंड वेग देतात.

म्हणजे हा एक लूप झाला. हवा, पाणी किंवा पायराइट यांपैकी काहीतरी संपलं तरच तो थांबेल. इथलं पायराइट संपायला सुमारे ३,००० वर्षं लागतील, असा अंदाज आहे. तोवर हे पाणी वाटेतलं तांबं, जस्त, कॅडमियम विरघळवत खाली उतरणार. खाली आहे सॅक्रामेंटो नदी आणि तिच्यातले सामन मासे.

मग खाणीचं तोंड बुजवून टाका की!

मलाही आधी हेच सुचलं. पण तोंड बंद केलं की आत ॲसिडचा तलाव साठत जातो आणि कधीतरी तो फुटायची भीती असते. ऑगस्ट २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडापाशी काम चालू असताना आत तुंबलेलं सुमारे १.१ कोटी लिटर पाणी बाहेर उसळलं आणि ॲनिमस नदी पिवळीधमक झाली.

चुना कामाला येतो

आयर्न माउंटनला १९९४ पासून चुन्याचा प्लांट चालू आहे. औषध तेच, जे आपण पानाला लावतो! चुना घातला की पीएच वाढतो आणि विरघळलेले धातू घनरूपात खाली बसतात. पण सगळे एकदम नाही. फेरिक लोह साधारण ३ ते ३.५ लाच बसायला लागतं, तांबं ६-७ च्या आसपास, तर जस्त आणि कॅडमियमसाठी ९ च्या जवळ जावं लागतं. फार वर गेलात तर खाली बसलेलं ॲल्युमिनियम परत विरघळतं. म्हणून पीएचवर सतत नजर ठेवावी लागते.

दुसरी अडचण गाळाची. नुसता चुना टाकला तर गाळ पातळ, पाणीदार होतो आणि ठेवायला जागा पुरत नाही. त्यावर युक्ती अशी, की खाली बसलेला थोडा गाळ परत आणून आधी चुन्यात मिसळायचा आणि मग ते मिश्रण खाणीच्या पाण्यात सोडायचं. नवे कण जुन्या कणांवर चढत जातात, त्यामुळे गाळ घट्ट होतो. ही रिसायकलची कल्पना मला सगळ्यात आवडली. अशा उपायांनी इथून नदीत जाणारे धातू सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले.

विजेशिवाय जमेल का?

सौम्य पाण्यासाठी जमतं. चुनखडीचे चर किंवा पाणथळ जागा तयार करतात, जिथले जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करून धातूंना अडकवतात. पण लोह जास्त असेल तर चुनखडीवर गंजासारखा थर चढतो आणि ती निकामी होते. आयर्न माउंटनसारख्या जहाल पाण्यापुढे हे उपाय टिकत नाहीत.

बिल कोण भरणार?

खरा पेच इथे आहे. १९८३ साली ही जागा सुपरफंड यादीत आली. २००० साली झालेल्या समझोत्यात ३० वर्षं प्लांट चालवण्याची सोय केली गेली आणि पुढच्या काळासाठी २०३० मध्ये ५१.४ कोटी डॉलर मिळतील असं ठरलं. ३,००० वर्षांच्या कामापुढे ३० वर्षं म्हणजे फक्त एक टक्का. खाण सुमारे शंभर वर्षं चालली. तिच्यातून तांबं काढणारे कधीच निघून गेले. चुना मात्र आजही रोज टाकावाच लागतो.

नवीन खाणीची बातमी आली की आपण रोजगार किती, उत्पादन किती हे विचारतो. मी आता आणखी एक प्रश्न विचारतो: खाण बंद झाल्यावर तिच्यातल्या पाण्याकडे कोण बघणार, आणि किती वर्षं?