ग्रंथालय आणि गाव (भाग नववा) : फिरती पेटी

बडोदे संस्थानातला ग्रंथालयाच्या खर्चाचा एकतृतीयांशाचा नियम वर्गणी जमवू शकणाऱ्या गावांसाठी होता. एक वाटा गावाने उभा करायचा, दुसरा पंचायतीने, तिसरा सरकारने. पण पहिलाच वाटा उभा राहिला नाही की पुढचे दोन्ही अडत. मग वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीने काय करायचे, असा प्रश्न गेल्या भागावर वाचकांकडून आला. त्याचे उत्तर बडोद्यानेच देऊन ठेवले आहे : इमारत नाही, ग्रंथपाल नाही, तर पुस्तके पेटीत भरून पाठवावीत. एवढे उत्तर दोन ओळींत संपवण्याजोगे नाही. म्हणून जाहीर झालेला ‘वर्गवारी आणि अनुदान’ हा विषय एक आठवडा पुढे ढकलला आहे.

फिरत्या पेटीमागचा हिशेब साधा आहे. लहान गावात शंभर पुस्तके आली की पहिले सहा महिने वाचकांची झुंबड असते. वर्षभरात ज्याला जे हवे ते वाचून होते, नवी पुस्तके घ्यायला पैसे नसतात आणि कपाटाला कुलूप लागते. अशी दहा गावे असतील आणि प्रत्येकाची शंभर पुस्तके ठरावीक मुदतीने पुढच्या गावाला गेली, तर प्रत्येक गावाचा खर्च शंभर पुस्तकांचाच राहतो, वाचायला मात्र हजार मिळतात. शिवाय जुने झालेले पुस्तक नव्या गावात पुन्हा नवे ठरते.

हा हिशेब पद्धतशीरपणे मांडणाऱ्या पहिल्या मंडळींत स्कॉटलंडमधील हॅडिंग्टनच्या सॅम्युअल ब्राउन या व्यापाऱ्याची गणना होते. १८१७ साली त्याने २०० पुस्तकांचे पन्नास-पन्नासांचे चार संच केले आणि ते आसपासच्या चार गावांत ठेवले. दोन वर्षे झाली की संच पुढच्या गावाला जाई. पुस्तकांत धर्म आणि नीतीचा भरणा मोठा होता. त्या काळाला ते धरूनच होते. अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे ती ब्राउनची पैशाची व्यवस्था. नवी पुस्तके आधी वर्गणीदारांना वाचायला मिळत आणि त्यानंतर ती फिरत्या संचांत जात. नवे पुस्तक सर्वांआधी हाती पडावे यासाठी पैसे मोजायला तयार असणारा वाचक अशा रीतीने खेड्यातल्या वाचकाच्या पुस्तकाचा खर्च उचलत होता आणि त्यात कुणावर उपकाराचे ओझेही येत नव्हते.

अमेरिकेत हीच कल्पना सरकारी यंत्रणेत आणली मेल्व्हिल ड्युई यांनी. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयातून १८९३ साली शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या सहा-सहा महिन्यांसाठी बाहेर पडू लागल्या. पुढे ही पद्धत अनेक राज्यांनी उचलली. १९१० साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ग्रंथालय खाते उभारण्यासाठी अमेरिकी ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यात आणले, तेव्हा ते याच वातावरणातून आले होते.

बडोद्याची गरज मात्र अमेरिकेहून निराळी होती. सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे काहीच वाचायला पडले नाही, तर दोन-चार वर्षांत तो अक्षरे विसरणार आणि सक्तीवर झालेला खर्च वाया जाणार, हे उघड होते. त्यामुळे ग्रंथालय खाते हे शिक्षण खात्याची पुढची पायरी ठरले आणि जिथे ग्रंथालय पोहोचत नव्हते तिथे पेटी.

या पेट्या मजबूत लाकडाच्या असत आणि एकीत साधारण १५ ते ३० पुस्तके मावत. गावातली जबाबदार व्यक्ती, बहुधा शाळामास्तर, मागणी करी. जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे संस्थान भरत असे, वाचकाला एक पैसाही पडत नसे. अक्षरे नीट न येणाऱ्यांनाही खात्याने वगळले नाही. दृश्य शिक्षणाचा स्वतंत्र विभाग त्याच छत्राखाली होता आणि तो जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन गावोगाव खेळ करी. बॉर्डन १९१३ साली परतले. त्यानंतर खात्याचा कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आला. बडोद्याहून निघणाऱ्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही छापला जाई. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिण्याची सवय लागली ती अशा जागी.

संस्थानाबाहेर पेटीने वाहन बदलले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांतले तिसरे. त्याच वर्षी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. ज्या गावात वाचनालयाचे दार नव्हते तिथे ते चाकांवरून येऊ लागले. पण गाडी येते आणि जाते, पेटी मुक्कामाला राहते. दोहोंतला हा फरक मोलाचा आहे, कारण मुक्काम म्हटला की कुणाचे तरी घर आले.

पेटी कुठे ठेवायची, यावर तिचे निम्मे भवितव्य ठरते. ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेवली तर कचेरी उघडी असेल तेव्हाच पुस्तक मिळते आणि बायका तिकडे सहसा फिरकत नाहीत. शाळेत ठेवली तर मुलांची सोय होते, पण सुट्टीत पेटी बंद पडते. देवळात ठेवली तर गावातल्या प्रत्येकाला तिथे मोकळेपणाने जाता येते का, हे आधी पाहावे लागते. घरात ठेवली तर संध्याकाळी केव्हाही दार वाजवता येते. मात्र ते घर कोणत्या आळीत आहे आणि त्याचे कुणाशी पटत नाही, याची चौकशी पेटी पाठवण्यापूर्वी करावी लागते. पेटी सांभाळणारा फार शिकलेला असण्याची गरज नसते. त्याच्याकडे लोकांचे येणेजाणे हवे आणि पुस्तक उशिरा आले तरी न चिडण्याचा स्वभाव हवा. पिठाची गिरणी, किराणा दुकान, दूध संकलन केंद्र या जागा म्हणूनच चांगल्या, कारण तिथे माणसे रोज येतात आणि थोडा वेळ थांबतात.

पेटी परत येते तेव्हा तिच्याबरोबर देवघेवीची वही येते. चांगला ग्रंथपाल आधी ती वही उघडतो. कोणते पुस्तक किती जणांनी नेले, कोणते चार दिवसांत परत आले, कोणते महिनाभर एकाच घरात राहिले, हे त्यात दिसते. चार दिवसांत परत आलेले पुस्तक एक तर फार आवडलेले असते किंवा मुळीच न आवडलेले. त्यामागचे कारण सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून त्याच्याशी बोलणे भाग पडते. पुस्तकेही साक्ष देतात. हळदीचे डाग पडलेले पाककृतींचे पुस्तक कामी आले आहे, आणि पाने न सुटलेला ग्रंथ पुढच्या गावीही बहुधा तसाच राहणार. एका गावातून शेळीपालनावरच्या पुस्तकाची मागणी दोनदा आली की तिथे त्या विषयाचा माणूस बोलवावा, त्याच दिवशी पेटी बदलावी आणि जमलेल्यांना पुस्तके दाखवावीत. सेवा सुधारते ती अशा नोंदींमुळे. नोंद न वाचता पाठवलेली दुसरी पेटी पहिलीसारखीच असते आणि तिसरी मागायला कुणी येत नाही.

महाराष्ट्रात आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये बारा हजारांच्या आसपास आहेत आणि गावे चाळीस हजारांहून अधिक. म्हणजे पेटीची जागा अजून रिकामीच आहे. ती नव्याने भरून काढण्याचा ठळक प्रयत्न नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा. विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू झाली. एका पेटीत १०० पुस्तके, ३५ वाचकांचा एक गट, चार महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल, वाचकांना शुल्क नाही आणि पेटीचा खर्च देणगीदारांकडून, अशी तिची घडण आहे. आप्तांच्या स्मरणार्थ किंवा वाढदिवसानिमित्त देणगी देण्याची आपल्याकडची रीत तिने पुस्तकांकडे वळवली. पेट्या राज्यभर गेल्या, तुरुंगांत गेल्या आणि दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी मंडळींपर्यंतही पोहोचल्या. गट ३५ जणांचाच असल्याने पेटी सांभाळणारा प्रत्येकाला नावाने ओळखतो, आणि दंडापेक्षा ही ओळख पुस्तके लवकर परत आणते.

याच्या नेमकी उलट रचना भिलारमध्ये आहे. महाबळेश्वर तालुक्यातल्या या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. राज्य मराठी विकास संस्थेच्या या प्रकल्पात घरे, देऊळ, शाळा अशा २५ जागी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके मांडण्यात आली. इथे पुस्तके जागेवर राहतात आणि वाचक फिरतो. तत्त्व मात्र पेटीचेच आहे, कारण पुस्तके राखण्याचे काम गावकऱ्यांनी आपल्या घरात घेतले आहे.

तालुक्याच्या एखाद्या ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाच्या वाचनालयाला पेट्या सुरू करायच्या असतील तर काही पथ्ये पाळावी लागतात. आरंभ तीन-चार गावांपासून करावा आणि गावांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त ठेवावी. ती हाताशी असली की बदलाच्या दिवशी कुठलेच गाव रिकामे राहत नाही. पेटी एका माणसाला उचलता यावी. यादीच्या दोन प्रती कराव्यात, एक पेटीत आणि एक वाचनालयात. मुलांची पुस्तके वेगळी न काढता त्याच पेटीत घालावीत, कारण पेटीपर्यंत घरातल्या मोठ्यांना अनेकदा मुलेच घेऊन येतात. शंभरात दोन-चार पुस्तके हरवतील, हे खर्चात आधीच धरावे. हरवलेल्या पुस्तकासाठी सांभाळणाऱ्याला धारेवर धरले तर तो पुढच्या वेळी पेटी उघडतच नाही.

पेटीच्या मर्यादाही आहेत. संदर्भग्रंथ तिच्यात बसत नाहीत, अभ्यासाला बसण्याची जागा ती देत नाही आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलाला लागणारे पुस्तक महिनोन्‌महिने त्याच्याकडेच राहावे लागते. एखाद्या गावाची वही सलग तीन-चार फेऱ्यांत भरून येऊ लागली, पुस्तके पुरेनाशी झाली आणि लोक वर्तमानपत्राची मागणी करू लागले, की त्या गावाचे पेटीवर भागणे संपले असे समजावे. तिथे खोली शोधावी, समिती नेमावी आणि नोंदणीच्या मागे लागावे. ती नोंदणी, चार वर्ग आणि त्यांना मिळणारे परिरक्षण अनुदान यांचा विचार पुढील भागात.